चुळबुळ्याचं पिंप

ह्या गोष्टीचा शेवट आधीच सांगून दाखवा बघू. पैज लावतो. गोष्टीत एक पिंप हाय, पिंपात पांढरी वाइन हाय, आन ती वाइन वाया घालवणारा एक माणूस हाय. एवढं तर मी आत्ताच फोडलं. आता त्याची किंमत कुणी मोजली तेवढं ओळखा. ओळखलंत तर माझी अर्धी मिशी उतरवतो. अर्धीच. आजवर एकदाही वस्तऱ्याला हात लावावा लागला नाय, म्हणून तर एवढ्या जोरात बोलतो.

तर लई जुनी गोष्ट. तेव्हा घड्याळं नव्हती, तरी लोकांना उशीर व्हायचाच. सात समुद्रापल्याड फराशिसांचा मुलूख हाय, फ्रान्स म्हणत्यात त्याला. तिथं एक टेकडी होती. टेकडीला चारी अंगांनी कमरेएवढी दगडी भिंत, आन भिंतीच्या आत द्राक्षाचा मळा.

त्या वेली म्हणजे म्हाताऱ्या बायाच. खोडं मांडीएवढी, वाकडीतिकडी, सालं सुटलेली. शंभर-सव्वाशे वर्षांच्या असतील. तरण्या वेलीला पन्नास घड लागत्यात, हिला पाच. पण मुळं अशी खोल, की चुनखडीच्या दगडात जिथं कुदळ थकती तिथनं पुढं ही चालू लागायची. त्या पाच घडांची पांढरी वाइन व्हायची ती साऱ्या मुलखात दुसरीकडं होत नव्हती. भिंतीबाहेरचा एक मणी आत घालायचा नाय, अशी तिथली रीत.

मळा राजघराण्याचा. कसणारं घर मात्र पिढ्यान्‌पिढ्या एकच. बाप गेला की पोरगं कसणार. पण फुकट नाय. नव्या धन्यानं, म्हणजे नव्या कसणाऱ्यानं, पहिल्या वर्षाच्या वाइनचं एक पिंप बाजूला काढायचं, बुचावर मेण ओतायचं आन तळघरात बारा वर्षं ठेवायचं. बाराव्या वर्षी गादीवर जो असंल त्यानं स्वतः यायचं, पिंप उघडायचं, चाखायचं. वाइन मळ्याला शोभली तर मळा त्या घराकडं. नाय शोभली तर घरानं चूल उचलायची आन चालू लागायचं. बाकी सालांची वाइन व्यापारी नव्यातच घेऊन जायचे. बारा वर्षं थांबायचं ते ह्या एकाच पिंपासाठी.

आता लाकूड बी वाइन पितं बरं का, तुमच्यापेक्षा कमी, पण पितं. म्हणून त्याच सालच्या वाइनची एक बरणी शेजारी भरून ठेवायची. वर्षातनं एकदा, तोडणी झाली की, बूच काढायचं, पिंपाची पातळी बरणीतल्या वाइननं भरायची आन पुन्हा मेण. मग वर्षभर तिकडं फिरकायचं नाय.

त्या वेळच्या धन्याला एकच पोरगा. त्याचं खरं नाव काय होतं ते त्याच्या आईला ठाऊक, गाव त्याला चुळबुळ्या म्हणायचं. बसला की पाय हलवणार. उठला की परत बसणार. मटार पेरला की तिसऱ्या दिवशी उकरून बघणार, उगवला का. कोंबडी अंड्यावर बसली की तिला उचलून खाली डोकावणार. ती कोंबडी पुढं पुढं ह्याची चाहूल लागली की आपणच उठून उभी राहायची. लग्नात पाद्रीबाबा मंतर म्हणत होता, तर ह्यानं मधीच दोनदा विचारलं, झालं का. बायको तिथंच त्याच्याकडं वळून बघत राहिली. पण चांगलं माणूस होतं, कामाला वाघ, म्हणून तिनं हो म्हणलं.

ती बायको तुम्ही ध्यानात ठेवा. वेलींना हात लावायचा तर तिनं. कुठली काडी ठेवायची, कुठली उडवायची, ते तिला नुसतं बघून कळायचं.

बाप अंथरुणाला खिळला. म्हाताऱ्यानं पोराला जवळ बोलावलं. पोरगा खाटेच्या कडेला बसला आन पाय हलवायला लागला, तशी खाट बी हलायला लागली. म्हातारा म्हणला, "जरा थांब, मला मरू दे नीट." मग म्हणला, "पोरा, ह्या मळ्याची वाइन पहिली तीन वर्षं हसती, खेळती. चौथ्या वर्षी ती मुकी होती. वास नाय, चव नाय, रंग उतरलेला. मेली असं वाटतं. ती मेलेली नसती. आठ वर्षं मुकी राहती, मग बोलती. तवर तिला काय विचारू नको."

पोरगा म्हणला, नाय विचारत. म्हातारा डोळे मिटून हसला. आपलं पोरगं बापाला कळतंच की.

पहिल्या सालची तोडणी झाली. पिंप भरलं, बरणी भरली, मेण ओतलं. चुळबुळ्यानं तळघराला कुलूप घातलं, किल्ली कमरेला लावली आन घरी येऊन जेवायला बसला. अर्ध्या जेवणातनं उठून कुलूप नीट लागलं का बघून आला.

पहिली तीन वर्षं बरी गेली. म्हणजे आपल्या मानानं बरी गेली. हा वर्षातनं एकदा जायच्या जागी महिन्यातनं एकदा जायचा. मेण खरवडायचं, लांब दांड्याची पळी आत सोडायची, एक घोट घ्यायचा. वाइन खरंच हसती-खेळती, लिंबाच्या फुलासारखी. हा खूश. बरणीतनं जेवढी काढली तेवढी भर घालायची, नवं मेण ओतायचं. बायकोला सांगायचा, पिंप गळतंय का तेवढं बघून आलो.

चौथ्या वर्षी घोट घेतला आन ह्याचं तोंड पडलं. वास गेलेला. रंग जुन्या पितळेगत झालेला. चव म्हणाल तर खडू उकळलेलं पाणी.

आता बाप सांगून गेला होता की नाय? गेला होता. ह्याला आठवत होतं की नाय? शब्द न्‌ शब्द. पण आठवणं निराळं आन घरात मुक्या माणसाशेजारी आठ वर्षं बसणं निराळं. ह्याच्या डोक्यात भुंगा लागला. बापाचं पिंप मुकं झालं ते बोललं, ठीक हाय. माझं खरंच मेलं असलं तर? मळा जाईल. सात पिढ्यांचा मळा माझ्या हातनं जाईल. अन्न गोड लागंना. सकाळी उठला की तळघर, न्याहारी झाली की तळघर, उन्हं कलली की तळघर. दर खेपेला एक पळी. दर खेपेला तेच खडूचं पाणी.

पाचव्या वर्षी बरणी संपली.

पिंपात हवा राहिली तर वाइन आंबून तिचा सिरका होतो, हे त्याला ठाऊक होतं. काढलं ते भरायला तर पाहिजे. त्यानं इकडंतिकडं बघितलं. शेजारीच चालू सालची वाइन होती, व्यापारी यायचे होते. ह्यानं मनाशी म्हणलं, हीच टेकडी, ह्याच वेली, भिंतीबाहेरचा एक थेंब नाय. मग काय बिघडलं? आन एक तांब्या पिंपात ओतला.

दुसऱ्या दिवशी पळी तोंडाला लावली, तर लिंबाच्या फुलाचा वास. अगदी बारीक, पण वास. हा तिथंच नाचला. पळत वर आला, बायकोचे हात धरले, "अगं, बोलायला लागली."

बायकोला वाटलं शेजारणीची तान्ही पोर बोलायला लागली.

दोन-चार दिवसांनी वास परत गेला. ह्यानं घाबरून आणखी दोन पळ्या चाखल्या, मग आणखी एक तांब्या नवी ओतली. परत वास आला. परत हा खूश. असंच चालू झालं. रोज चाखायचं, रोज भरायचं. दरवर्षी व्यापाऱ्यांच्या वाटणीची थोडी वाइन मागं ठेवायची, ती सरली की पुढल्या सालची. पिंप कधी रिकामं दिसलं नाय. काठोकाठ, वरनं मेण. आता किती पळ्यांनी किती पिंप संपतं ह्याचं गणित मला घालू नका, मी शाळेत गेलो तो मास्तरची टोपी झाडावर टांगायला.

सातव्या वर्षी बायकोनं त्याला धरला. ती टोपली शोधत तळघरात उतरली, तर हा एका हातात पळी, एका हातात तांब्या घेऊन उभा. मेण फुटलेलं. ती जिन्यावरच बसली.  हा बडबडत सुटला. वाइन मेली होती, आपण तिला जगवली, बघ आता कशी बोलती, तू चाख, तुला बी कळंल.

ती म्हणली, "अहो, ती बोलत नाय. तुम्ही नवी आत ओतताय आन नवीचाच आवाज ऐकताय."

हा म्हणला, टेकडी तर एकच हाय.

ती म्हणली, "टेकडी एक हाय. वर्षं कुठनं आणणार?"

तिनं किल्ली मागितली. त्यानं दिली. खरंच दिली, मुकाट्यानं. तुम्हाला वाटलं सुधारला. मला बी ऐकताना असंच वाटलं होतं.

हिवाळ्यात छाटणी आली. चुळबुळ्याच्या हातात कात्री होती, पण मन तळघरात. आता सिरका झाला असंल का, बूच सुटलं असंल का. नजर काडीवर ठरायचीच नाय, तळघराच्या दाराकडं वळायची. पहिल्या दिवशी त्यानं एका सव्वाशे वर्षांच्या वेलीचा जिता फाटा उडवला. दुसऱ्या दिवशी आणखी दोघींचे. तिसऱ्या दिवशी बायकोनं बघितलं, खालची ओळ लंगडी झालेली. त्या फाट्यांना परत त्या जाडीचं व्हायला चाळीस वर्षं लागली असती.

तिनं एकदा वेलींकडं बघितलं, एकदा नवऱ्याकडं. मग कमरेची किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. म्हणली, "जा, तिकडं काय करायचं ते करा. ह्यांना हात लावू नका."

चूक केली का तिनं? तुम्ही ठरवा. पिंप वाचवावं तर वेली जात होत्या, वेली वाचवाव्या तर पिंप. तिनं वेली निवडल्या. त्या दिवसापासनं छाटणी ती एकटी करायला लागली, आन हा दिवसभर जिन्यावर वर-खाली.

आता राणीचं सांगतो, तिला इतका वेळ दाराबाहेर उभी केलीय.

तेव्हा गादीवर एक राणी होती. आता सत्तरी ओलांडलेली, गुडघे धरलेले, दातांपैकी निम्मेच दरबारात हजर. पण गादीवर बसली तेव्हा वीस वर्षांची होती, आन बसल्या बसल्याच तिला ह्या टेकडीवर यावं लागलं होतं. तेव्हा चुळबुळ्याच्या बापाचं पिंप बारा वर्षांचं झालेलं. तिनं एक पेला घेतला आन दिवस मावळेपर्यंत तिथंच भिंतीवर बसून राहिली. सरदार खोळंबले, घोडे खोळंबले, ही उठंना. पुढं पन्नास वर्षं तिनं नाना देशांच्या वाइन चाखल्या, लढाया केल्या, तह केले, नवरा पुरला, पण तो पेला विसरली नाय. एका धन्याचं पिंप एकदाच उघडतं. म्हातारा धनी तर चांगला चिवट निघाला, मरता मरंना, आन राणीला तर तसं बोलता येईना. मग तो गेला, पोराचं पिंप लागलं, तेव्हापासनं ती वर्षं मोजत होती. दर तोडणीला माणूस पाठवून विचारायची, टेकडी कशी हाय.

बारावं वर्ष लागलं. वैद्य नको म्हणत होता, तरी राणी दोन दिवसांचा रस्ता गाडीनं तुडवत आली. गावानं भिंतीशी गर्दी केली. चुळबुळ्यानं नवा अंगरखा घातलेला, आन तो अंगरखा बी त्याच्यासंगं चुळबुळत होता. त्याला तशी भीती नव्हती. कालच चाखली होती, झकास बोलत होती. पिंप वर आणलं, मेण फोडलं, पेला भरला. पिवळसर, स्वच्छ, सुरेख.

राणीनं वास घेतला. मग एक घोट घेतला. सगळं गाव तिच्या गळ्याकडं बघत होतं. तिनं आणखी एक घोट घेतला, डोळे मिटले, आन थांबली. कशाची तरी वाट बघितल्यागत थांबली. मग डोळे उघडले.

म्हणली, "टेकडी हाय हिच्यात. बारा वर्षं कुठायत?"

चुळबुळ्या बोलायला लागला. पिंप तेच हाय सरकार, वेली त्याच हायेत, बाहेरचा थेंब नाय, शपथ घेतो. राणीनं त्याला पुरतं बोलू दिलं. मग शांतपणे विचारलं, पिंप किती वेळा उघडलंस? हा बोटं मोजायला लागला, आन बोटं संपली. राणीनं मान हलवली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती थकलेली दिसली.

तेवढ्यात बायको पुढं झाली. म्हणली, "सरकार, किल्ली माझ्याकडं आली होती. मीच परत दिली." आन वेलींचं सगळं सांगितलं, फाटे उडवले ते बी.

राणी काठी टेकत खालच्या ओळीपर्यंत गेली. लंगड्या वेलींवरनं हात फिरवला. परत येऊन तिनं निकाल दिला. मळा सरकारजमा. पण वेलींना ह्या बाईचा हात कळतो, म्हणून बाई आत राहील, सरकारचा मळा सांभाळंल, आन ह्या सालचं एक पिंप सरकारच्या नावानं लावंल. बारा वर्षं, मेण न फोडता. किल्ली राजवाड्यावर राहील.

चुळबुळ्यानं विचारलं, मग मी कुठं जाऊ? राणी म्हणली, "कुठं बी जा बाबा. तुझा पाय तसा बी एका जागी टिकत नाय. पिंप उघडेपर्यंत भिंतीच्या आत यायचं नाय, एवढंच."

त्यानं भरलेल्या डोळ्यांनी बायकोकडं बघितलं. ती म्हणली, बारा वर्षांनी या, मी हाय इथंच. आन तोडणीची कात्री उचलून गेली. तिला बी रडायचं होतं, पण हंगाम निघून चालला होता.

तो गेला. मुलखाची हद्द ओलांडून गेला. व्यापाऱ्यांचे घोडे हाकले, बंदरात गोण्या वाहिल्या, कुठं बी सहा महिन्यांच्या वर राहिला नाय. पण वर्षं मात्र नीट धरून ठेवली, आन बाराव्या वर्षी तोडणीच्या दिवसांत टेकडीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला. दाढी पांढरी झालेली.

पिंप उघडून झालं होतं. राजवाड्याची माणसं परतीला लागली होती. बायकोनं त्याला भिंतीपल्याड बघितला. आता आत यायला त्याला कुणाची बंदी नव्हती, तरी तो बाहेरच उभा राहिला. तिनं एक पेला भरला आन भिंतीवरनं त्याच्या हातात दिला.

त्यानं घोट घेतला. मी काय ती पिलो नाय, खोटं कशाला बोलू, ऐकलेलं सांगतो. आधी मध, पण गोड नसलेला. मग भाजलेले बदाम, वाळलेली फुलं, तापलेल्या दगडाचा वास, आन सगळ्यात शेवटी जिभेच्या कडेला मीठ. आन ती चव संपंना. संपली वाटावं तर मागनं आणखी काय तरी यायचं. चोवीस वर्षांमागं अशीच एक ह्याच्या तळघरात होती, आन ह्यानं ती खडूचं पाणी असताना प्यायली होती. रोज. सगळी.

त्याचा पाय हलायचा थांबला.

मग त्यानं विचारलं, राणीसरकारांना कशी लागली?

बायको म्हणली, "त्या तीन वर्षांमागंच गेल्या. शेवटी शेवटी माणसं ओळखत नव्हत्या, पण टेकडी कशी हाय ते विचारायच्या."

त्याला हे ठाऊक नव्हतं, हद्दीपल्याड कोण सांगणार. तो भिंतीला टेकला. मळा गेला तो गेला, पण तो उभा तरी होता, बायको समोर उभी होती, आन पेल्यात अजून दोन घोट होते. राणीच्या वाट्याला सबंध आयुष्यात दोनच पिंपं होती. एक तिनं विसाव्या वर्षी चाखलं. दुसऱ्याची तिनं बारा वर्षं वाट बघितली, आन ते ह्यानं पळीपळीनं पिऊन टाकलं होतं.

म्हणून सांगतो, मुरायला घातलेलं सारखं उघडून बघू नये. उघडणाऱ्याला कच्चंच मिळतं, आन वाट बघणाऱ्याला तेवढं बी मिळत नाय.